रात्रीत सैल पडणारं यंत्र

गवताचे गठ्ठे बांधायचं ते यंत्र सुनेच्या आधीपासून घरात होतं, आणि वागायचंही तसंच, म्हणजे सासूसारखं. खरी सासू तिच्या लग्नाआधीच वारली होती, त्यामुळे सासुरवास काय तो या लोखंडानेच केला. नवरा त्याला म्हातारी म्हणायचा. म्हातारी आज कुरकुरतेय, म्हातारीला तेल पाजलं का, म्हातारीचे दात पडायला आलेत. बाहेरच्या माणसाला वाटावं, घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे.

यंत्राचं काम तसं सरळ. कापून वाळवलेलं गवत दाताळ्याने ओढून कुरणात लांब ओळी करायच्या, ट्रॅक्टरमागे यंत्र जोडायचं आणि त्या ओळींवरून न्यायचं. पुढचे दाते गवत उचलून आत घेतात, आतला दट्ट्या ते ठोकून ठोकून दाबतो, दोन लांब सुया सुतळी ओवतात आणि एक लोखंडी चोच गाठ मारते. मागून चौकोनी गठ्ठा बाहेर पडतो. तो किती घट्ट हवा हे मागची दोन हँडलं ठरवतात. ती आवळली की बाहेर पडायची वाट अरुंद होते आणि गवत जास्त दाबलं जातं. बस, इतकंच. पण इतकंच म्हणणाऱ्याने भर उन्हात कुरणाच्या मधोमध ती चोच एकदा साफ करून दाखवावी.

नवरा ट्रॅक्टरवर असायचा आणि ती यंत्रामागून चालायची. गाठ बसली का ते बघायचं, सुटली असेल तर हात वर करायचा. नवरा मधूनमधून मान वळवून तो हात वर आहे का एवढं बघायचा आणि पुन्हा समोर. संसारातला बराचसा काळ आपण नवऱ्याची पाठच पाहिली, असं ती चेष्टेने म्हणायची. तो हसायचा. पाठ वाईट आहे का, असं विचारायचा.

हिवाळ्यात तो गेला. गोठ्यात दूध काढायला बसला होता, तिथून उठलाच नाही. डॉक्टर येईपर्यंत गाय शांत उभी होती आणि बादलीतलं दूधही सांडलेलं नव्हतं.

तेव्हापासून तिला काही वाटत नव्हतं. दुःख नाही, भीती नाही, भूकही धड नाही. सकाळी उठायची, धारा काढायची, दुधाच्या टँकरला हात करायची, जेवायला वाढायची. चहाने जीभ पोळली तरी ते दुपारी कधीतरी लक्षात यायचं. ती रडेल म्हणून शेजारणी रोज येऊन बसायच्या. शेवटी त्याच रडून मोकळ्या झाल्या आणि यायच्या थांबल्या. तिचं डोकं ठिकाणावर होतं, हात चालत होते, फक्त आत कुणी राहायला नव्हतं.

सासऱ्यांना ती मामा म्हणायची. त्यांचंही काही वेगळं नव्हतं. पूर्वी रोज संध्याकाळी धारा आटोपल्यावर ते "गाईंना बघून येतो" म्हणून बाहेर पडायचे आणि बऱ्याच वेळाने हात पुसत परत यायचे. मुलगा गेल्यापासून ते अंगण ओलांडून पलीकडे गेले नव्हते. यंत्रं ठेवायच्या शेडकडे तर बघतसुद्धा नव्हते. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे ते जेवायलाच उठायचे. सून आणि सासरा दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली निम्मी गाईंबद्दल. या घराची मूळचीच रीत ती. माणसं एकमेकांसाठी मरमर मरतील, पण तोंडातून शब्द काढायचा म्हटलं की जिवावर येतं.

बोलणारा एकच होता, धाकटा दीर. तो शहरात सामान पोचवायची गाडी चालवायचा आणि गावभरच्या गप्पा त्याच्याकडे असायच्या. गवत कापायचे दिवस आले तसा तो रजा टाकून आला, स्वतः ट्रॅक्टरवर बसून त्याने कुरण कापून दिलं, दोनदा उलटून वाळवून दिलं. मग एका दुपारी स्वयंपाकघरात बसून त्याने विषय काढला.

"वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एवढं कुरण आपल्या यंत्राने बांधून निघालं तर उत्तम. नाही निघालं तर हिवाळ्यात गाईंपुढे काय टाकायचं? मग गाई ठेवण्यात अर्थ नाही. व्यापारी ओळखीचा आहे, शनिवारी येऊन घेऊन जाईल. बाबा माझ्याकडे येतील. तुमच्या भावाशी बोललोय मी. तो म्हणाला, खोली रिकामीच आहे."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. मामा खिडकीतून बाहेर बघत राहिले. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर या घरात आपण नेमक्या कोण, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

राहायचं आहे की नाही, हे तिने अंथरुणावर पडून स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. पण सकाळी पाय आपोआप शेडकडे वळले. सुतळीच्या पेटीत उंदरांनी संसार थाटला होता तो तिने बाहेर काढला. पातं कानशीने घासून धार लावली. साखळ्यांचा गंज ब्रशने काढला, ग्रीसगन घेऊन खाली सरपटली आणि जिथे जिथे ग्रीस जायला हवं तिथे नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरलं. दोन दाते वाकले होते, ते बदलले. चोचीवरचा काळा थर पातळ कापडाने पुसून ती आरशासारखी केली. मागच्या हँडलांना मात्र तिने हात लावला नाही. ती गेल्या वर्षी जशी होती तशीच राहू दिली, कारण त्यांचं कोष्टक तिला पाठ होतं. नवरा रोज सकाळी कुरणात जायच्या आधी दोन्ही हँडलं तीन-तीन फेरे आवळायचा. आवळताना पुटपुटायचाही.

"रात्रीत सैल पडते म्हातारी," त्याने तिला सांगितलं होतं. "वय झालं. रोज आवळावी लागते. विसरायचं नाही हं."

ती विसरली नाही. पहिल्या सकाळी तिने तीन-तीन फेरे आवळले. दीर ट्रॅक्टरवर बसला, ती मागून चालली. दट्ट्याचा ठोका एकसारखा पडत होता, सुया खालीवर होत होत्या, आणि एकामागून एक गठ्ठा बाहेर पडत होता, कडा धरून उचलावा असा नीटस. संध्याकाळपर्यंत एकही गाठ सुटली नाही. दीर खुशीत आला. "वहिनी, तुम्ही तर दादाच्या वरताण निघालात," असं म्हणाला. बरं वाटायला हवं होतं. तिने हातपाय धुतले आणि धारा काढायला गेली.

दुसऱ्या सकाळी हँडल जड लागलं. तीन फेरे पुरे करताना तिने दात आवळले. नवरा अंगाने दणकट होता, त्याला हे जाणवत नसेल, एवढाच अर्थ तिने काढला. त्या दिवशी मधूनमधून सुतळी तुटायला लागली. ती हात वर करायची, दीर थांबायचा, ती चोचीपाशी वाकून तुटकं टोक काढायची, पुन्हा ओवायची, पुन्हा चालू.

दुपारी गठ्ठे गाडीवर चढवताना दीर कण्हला. "यात गवत आहे की दगड भरलेत?"

"शहरातल्या गादीवर झोपून झोपून पाठ गेलीय तुमची," ती म्हणाली. हे ती पूर्वी म्हणाली असती म्हणून आताही म्हणाली. तिला स्वतःला गठ्ठे जड लागले नाहीत. म्हणजे लागले असतील, पण ते कळायला माणूस जागेवर हवा.

तिसऱ्या सकाळी तिने हँडलला पाईप अडकवला आणि त्यावर सगळा भार टाकून तीन फेरे पुरे केले. मग मात्र यंत्राने नाकी नऊ आणले. चार गठ्ठे धड निघाले की पाचवा फुटायचा. जास्त ताण आला तर यंत्र मोडण्याऐवजी आपण तुटावं म्हणून जड चाकावर एक मऊ बोल्ट असतो. तो दोनदा तुटला. गाठ चोचीतून सुटत नव्हती, सुटली तर टोकं चिंध्या होऊन यायची. तिने सुतळी बदलली, चोचीचा दाब कमी केला, मग वाढवला, मग पुन्हा होता तिथे आणला.

शेवटी दीर जाऊन मेस्त्रीला घेऊन आला. मेस्त्री जाडजूड, मनाने चांगला माणूस. त्याने चष्मा कपाळावर चढवला, चोच खोलली, बघितली, परत बसवली.

"गाठ मारायचं सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "मागचं हँडल?"

"रोजच्यासारखंच," ती म्हणाली. "हे आवळायचे तसंच."

"मग झालं," मेस्त्री म्हणाला. तिचा नवरा यंत्राच्या बाबतीत चुकेल असं त्याच्या मनातही आलं नाही. "लोखंडालाही वय असतं वहिनी. माझ्या बापाच्या बरोबरीचं आहे हे. बाप गेला." असं म्हणून तो जरा ओशाळला, चहालाही थांबला नाही.

शुक्रवारी सकाळी आवळून झाल्यावर पहिल्या ओळीतच शेवटचा बोल्ट तुटला. अर्धं कुरण अजून ओळींत पडलेलं होतं आणि रविवारी पाऊस सांगितला होता. दिराने तिथेच कुरणात उभं राहून व्यापाऱ्याला फोन लावला. "उद्या या," एवढंच तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवताना त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. यंत्र ओढत त्यांनी शेडमध्ये आणून लावलं.

स्वयंपाकघरात तिने तिघांचा चहा ओतला. आता बॅग भरायला हवी, असं तिच्या मनात आलं. कपड्यांची एक होईल, बाकी काय न्यायचं ते सुचेना. भावाच्या त्या रिकाम्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे तिला आठवेना. तेही ठीक होतं. खिडकी असेल कुठल्यातरी बाजूला.

"वहिनी, तुमची काही चूक नाही," दीर म्हणाला. "तुम्ही सगळं केलंत."

"केलं," ती म्हणाली. "तेल, ग्रीस, धार. रोज सकाळी तीन-तीन फेरे आवळले. हे आवळायचे तसेच."

खिडकीपाशी मामांची मान वळली.

"रोज आवळलंस?" ते म्हणाले. बऱ्याच दिवसांत न वापरल्यामुळे आवाज खरखरीत झाला होता.

"रोज."

"चार दिवस?"

"हो मामा."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी काय?"

मामांनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला. ते उठले, पायात घरातल्याच सपाता होत्या, त्या तशाच चिखलातून ओढत अंगण ओलांडून थेट शेडमध्ये गेले. ती आणि दीर मागोमाग धावले. मामा यंत्रामागे उभे होते आणि दोन्ही हातांनी हँडल धरून उलटं फिरवायला बघत होते. ते हलेना. तिने पाईप अडकवून दिला. दोघांनी मिळून भार टाकला तेव्हा स्क्रू एकदा ओरडला आणि फिरला.

"आवळ आवळ आवळलंय," मामा धापा टाकत म्हणाले. "गठ्ठा बाहेर पडणार कुठून? बोल्ट तुटणार नाही तर काय होईल?"

"पण रात्रीत सैल पडतं ना ते!"

"पडत नाही. मी करायचो."

मामांनी आणखी एक फेरा उलटा घेतला आणि हँडलकडे बघतच बोलत राहिले.

"आत गवत राहतं रात्रभर. दवाने ओल धरतं, फुगतं. हँडल आवळलेलं असलं की सकाळी पहिल्या ठोक्यालाच दट्ट्यावर सगळा ताण. हे यंत्र घेतलं तेव्हापासून मी संध्याकाळी सैल करत आलो. मग यंत्र त्याच्या हातात गेलं. एकदा मी सैल केलं ते सांगायचं राहिलं, तो तसाच कुरणात गेला, गठ्ठा उचलला की हातात सुतळी आणि खाली गवत. चारचौघांत शोभा झाली. संध्याकाळी येऊन मला म्हणाला, बाबा, यापुढे यंत्राला हात लावायचा नाही. मी म्हटलं, नाही लावणार."

"मग?" दिराने विचारलं.

"मग त्याच संध्याकाळी लावला."

दीर फिसकन हसला.

"सकाळी खिडकीतून बघायचो. तो यायचा, शिव्या घालत आवळायचा, घेऊन जायचा. म्हटलं बरं चाललंय. त्याला वाटतंय आपोआप सैल होतं. वाटू दे. आता तो नाही म्हटल्यावर मी हात लावला नाही. तुला काय ठाऊक असणार आवळायचं? मी सैल केलं असतं तर तुझे गठ्ठे सुटले असते, लोक हसले असते."

"दादा असं म्हणायचा?" दिराला अजून हसू आवरत नव्हतं. "उभ्या यंत्राचं हँडल रात्रीत आपोआप सैल पडतं? दादा? अहो, तो नट हाताला लागला की आटे मोजून सांगणारा माणूस. हँडल काय झोपेत चालतं का..."

आणि तो हसायचा थांबला.

तिलाही त्याच क्षणी कळलं. जागेवर उभ्या असलेल्या यंत्राचा स्क्रू आपोआप सैल पडत नाही. हे शेंबड्या पोराला कळतं, मग तिच्या नवऱ्याला कळत नव्हतं? त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. कोण येतं, केव्हा येतं, किती फेरे घेतं, सगळं. आणि तरी तो रोज सकाळी खिडकीला ऐकू जाईल असा पुटपुटत आवळत राहिला.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं," मामा म्हणाले.

त्यांनी हँडल सोडलं नाही. खांदे मात्र खाली आले, आणि ते मोठा आवाज न करता, तोंड उघडं टाकून रडायला लागले.

ती बघत उभी राहिली. आता आपल्यालाही रडू येईल असं तिला वाटलं. आला तो राग.

"मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली. पहिल्यांदा हळू, मग शेड दणाणेल एवढ्या मोठ्याने. "मला का नाही सांगितलं कुणी? इतकी वर्षं मी मागून चालतेय या यंत्राच्या! तुम्ही सैल करा, त्यांनी आवळावं, तुम्हाला माहीत, त्यांना माहीत, आणि मला सांगितलं काय, तर म्हातारी रात्रीत सैल पडते! मी खरं मानलं! पाईप लावून आवळलं मी! हे घर आहे की काय आहे? तोंडं शिवलीत का सगळ्यांची?"

सासऱ्यासमोर तिने आजवर कधी आवाज चढवला नव्हता. मामा खाली मान घालून ऐकत होते. दीर दाराशी खिळला होता.

"आणि तुम्ही, मामा! चार दिवस बघत होतात ना खिडकीतून? सुतळ्या तुटताना, बोल्ट तुटताना? एकदा उठून विचारता आलं नाही, काय गं, काय करतेस?"

मामांनी बाहीने नाक पुसलं. "विचारणार होतो," ते म्हणाले. "पण तू जाणार म्हणून ठरलं होतं. जाणाऱ्या माणसाला कशाला गुंतवायचं?"

"कुणी ठरवलं?"

मामांनी दिराकडे बघितलं. दिराने आपल्या बुटांकडे बघितलं.

"मला विचारलं कुणी?" ती म्हणाली. "भावाला विचारलंत, व्यापाऱ्याला विचारलंत. मला कुणी विचारलं, तुला राहायचंय का?"

"वहिनी, तुम्ही बरं म्हणालात."

"मी सगळ्यालाच बरं म्हणत होते! दिसत नव्हतं?"

मामांनी तोंड वर केलं. मुलगा गेल्यापासून त्यांनी सुनेच्या डोळ्यांकडे बघितलं नव्हतं, ते आता बघितलं, आणि या घरात जे कुणी कुणाला विचारत नसे ते विचारलं.

"राहायचंय का तुला?"

"हो," ती म्हणाली. उत्तर इतकं झटकन आलं की तिलाच नवल वाटलं. हिवाळ्यापासून ते कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. "राहायचंय मला. इथेच. तुमच्याशी भांडत."

दिराने खिशातून फोन काढला. येऊ नका म्हणून व्यापाऱ्याला सांगायला तो बाहेर अंगणात गेला, आणि तसाच पुढे मेस्त्रीकडे जाऊन मूठभर बोल्ट घेऊन आला. तोवर सून आणि सासऱ्याने हँडलं उलटी फिरवून पहिल्या दिवशी आवळल्यावर होती तिथे आणली होती. फेरे मामाच सांगत होते. ती अजून रागात होती आणि लागेल त्याहून जोरात पाना आपटत होती.

दुपारभर यंत्र न थांबता चाललं. ती मागून चालत होती. गठ्ठे हलके झाले होते, किंवा तिच्या हातांना वजन कळायला लागलं होतं. तळहात सोलपटले होते आणि ते आता सणसणून दुखत होते. ट्रॅक्टरवरची पाठ दुसऱ्याची होती. ते खूप वाईट होतं. तरी ती चालत राहिली. दिवस मावळला तेव्हा कुरणात दोनच ओळी उरल्या होत्या. त्या उद्या दव सुकलं की तासाभरात निघाल्या असत्या.

यंत्र शेडमध्ये लावून ती बाहेर आली तर मामा अंगणातून येत होते. या खेपेला पायात बूट होते. "गाईंना बघून येतो" असं ते म्हणाले नाहीत. तिच्याशेजारून आत गेले, यंत्राच्या मागे उभे राहिले आणि हँडलला हात घातला.

"एक," ते मोठ्याने म्हणाले. गोठ्यातल्या गाईंनी माना वळवल्या.

"दोन."

ती दारातच उभी राहिली. आता रडू आलं होतं, आणि ते पुसायला तिचे ग्रीसने माखलेले हात काही कामाचे नव्हते.

"तीन," मामा म्हणाले. "ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. "आता दुसरं."